मदत हवी आहे: सड्यावरच्या काल्पनिक बेडकाचं जीवनचक्र पटतंय का?

नमस्कार मंडळी,

राजापूरकडच्या कातळसड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, घडणारी एक दीर्घकथा मुलांसाठी लिहिते आहे. नायक बेडूक आहे, पूर्णपणे मनातला. नाव ठेवलंय कातळबेडूक. बेडूक काल्पनिक असला तरी सडा खरा आहे, म्हणून त्याचं जगणं सड्याला धरूनच हवं. पडीक म्हणून हिणवल्या जाणाऱ्या या जागेवर पावसाळ्यात किती जीव नांदतात, हे पोरांना गोष्टीतून कळावं असं मनापासून वाटतं. प्राणिशास्त्र जाणणाऱ्यांनी कृपया तपासून द्यावं.

आतापर्यंत ठरलंय ते असं. दिवाळीनंतर कातळ तापू लागला की तो जांभ्याच्या भेगेतल्या मातीत शिरतो आणि मूत्राशयात पाणी साठवून मिरगापर्यंत निजतो. स्वतःला पुरून घेणारे खरे बेडूकही हे करतात, तेव्हा तिथे शंका नाही. पहिल्या दमदार पावसाला रातोरात सगळे वर. नर हळदीसारखा पिवळा होतो, भातखाचरातला मोठा बेडूक होतो तसाच. मादी कातळावरच्या उथळ डबक्यात अंडी घालून निघून जाते. राखण बाप करतो.

अडलंय ते पुढे. बेडूकमासे जरा मोठे होतात तोच उघडीप पडते. डबक्यात पाणी बोटभर, ते आटणारच. थोडं खाली खोल डबरा आहे, तो गणपतीपर्यंत भरलेला असतो. पोरं तिथवर पोचणार कशी? बाप चर खणून देईल म्हणावं, तर कातळावर खणणार काय? पाठीवरून न्यावं, तर इतकी पोरं मावायची कुठे?

आणखी एक. सड्याची कडा थेट समुद्रावर आहे, उधाणात खारं पाणी वर उडतं. तिथल्या डबक्यात अंडी तगतील का?

प्रतिसाद

चराची कल्पना अगदी हवेतली नाही. आफ्रिकेतल्या बुलफ्रॉगचा नर आटत्या डबक्यातून मोठ्या पाण्यापर्यंत खरोखर चर खणतो. पण त्याच्या पायाखाली चिखल असतो, तुमच्याकडे जांभा. तेव्हा खणणं सोडा आणि आपल्या सह्याद्रीतल्या इंडिराना बेडकांकडे बघा. त्यांचे बेडूकमासे ओल्या कातळाला चिकटून शेवाळ खरवडतात आणि लांब, दणकट शेपटीच्या जोरावर कातळावरून उसळी मारत सरकतात. तुमच्या पोरांना तशी शेपटी द्या.

मात्र वाट ओली हवी. रात्रीची एखादी चुकार सर आली की निघू द्या. मध्ये कोरडा पट्टा लागला तर बापाने मूत्राशयातलं पाणी तिथे सोडावं. काही बेडूक अंडी ओली ठेवायला हेच करतात, त्यामुळे ते ओढूनताणून वाटणार नाही. मागे राहिलेली पोरं सगळीच मारू नका. पाणी आटू लागलं की काही जातींचे बेडूकमासे घाईने बेडूक होतात, अंगाने लहान राहतात पण जगतात.

खारं पाणी टाळा. उभयचरांची कातडी पाणी झिरपू देते, त्यामुळे मीठ अंगातलं पाणी ओढून घेतं. आग्नेय आशियातला खेकडे खाणारा बेडूक रक्तात युरिया साठवून खाजणात तगतो, पण तो अपवाद. अंडी कड्यापासून आतच ठेवा.

शेजारी म्हणून देवगांडूळ जरूर घ्या, हा बिनपायाचा उभयचर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून त्याची एक नवी जात २००३ साली जगापुढे आली. पोरांना आपल्याच जिल्ह्यातलं गाव गोष्टीत भेटेल.