मदत हवी आहे: वाचनालयात ज्येष्ठांना एआय शिकवायचंय, सुरुवात कशी करावी?

नमस्कार मंडळी. वाचनालयातले साठीपुढचे बरेच सभासद "ते चॅटजीपीटी आम्हालाही दाखवा" म्हणतात. चार संगणक आहेत, वाय-फाय आहे, शिकवणारे दोघं. आठवड्यातून दीड तास देता येईल. सगळ्यांना मराठीतच विचारायचंय, टायपिंग नको वाटतं. वर्ग घ्यावा की एकेकाला बसवावं? आमचे संगणक वापरावेत की त्यांचे फोन? आणि चुकीचं उत्तर कोणी खरं मानून बसलं तर काय करायचं? तपशिलात सांगा, प्लीज.

शाईची_दौत:
पडद्यावर दाखवून शिकवू नका. दोघं शिकवणार असाल तर एका वेळी सहाच जण घ्या, आणि प्रत्येकाचा स्वतःचाच फोन. तुमच्या संगणकावर जमलेलं घरी फोनवर सापडत नाही, आणि मग तो फोन कपाटात जातो.

पहिली २० मिनिटं फोन तयार करण्यात जाऊ द्या. अक्षरं मोठी करा. स्क्रीन ३० सेकंदांत विझत असेल तर ती वेळ ५ मिनिटं करा, नाहीतर प्रश्नाचा विचार करेपर्यंत पडदा काळा होतो आणि "माझ्याकडून बिघडलं" असं वाटून माणूस हात मागे घेतो. वयस्कर बोट पडद्यावर जरा जास्त रेंगाळतं. फोन त्याला 'दाबून धरलं' समजतो, ॲप उघडण्याऐवजी आयकॉनच सरकू लागतो. बोट किती वेळ टेकलं की 'दाबून धरलं' मानायचं, ती वेळ अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये वाढवता येते.

खातं उघडण्याच्या भानगडीत पहिल्या दिवशी पडूच नका. पासवर्ड आठवत नसतो, ओटीपी मुलाच्या नंबरवर जातो, अर्धा तास तिथेच संपतो. चॅटजीपीटी एप्रिल २०२४ पासून खात्याविना ब्राउझरमध्ये वापरता येतं, तेवढं सुरुवातीला पुरतं. पुढे ॲप घ्यायचंच झालं तर बनवणाऱ्या कंपनीचं नाव वाचूनच घ्यायचं. सारख्या नावाची, सारख्या चिन्हाची आणि दर आठवड्याला पैसे कापणारी ॲप्सही असतात.

मात्रा_वेलांटी:
टायपिंगवर उपाय माईकच, पण कुठला माईक ते सांगते. कीबोर्डवरचा माईक बोललेलं आधी चौकटीत लिहितो. ते वाचता येतं, सुधारता येतं, मग पाठवायचं. ॲपमधल्या थेट संभाषणात मात्र जरा थांबलं की ते उत्तर द्यायला लागतं. शब्द आठवायला वेळ लागणाऱ्या माणसाचं वाक्य अर्ध्यावरच तुटतं. म्हणून आधी कीबोर्डचाच माईक शिकवा. कीबोर्डच्या भाषांमध्ये मराठी जोडलेली आहे ना, ते आधी बघा. नसेल तर मराठी बोलणं इंग्रजी समजून भलतेच शब्द उमटतात. एका टेबलावर एकच बोलणारा बसवा, शेजारच्याचा आवाज प्रश्नात मिसळतो. फोन तोंडापासून वीतभर धरायचा.

पहिलं वाक्य कागदावर लिहून द्या: "सोप्या मराठीत, पाच ओळींत सांगा." दुसरं: "कळलं नाही, पुन्हा सांगा." हे दुसरं त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्याच. तोच प्रश्न पुन्हा विचारायला अनेकांना संकोच वाटतो.

तालिका_पत्र:
चुकीच्या उत्तरांचं बोलते, कारण हे काम वाचनालयाइतकं चांगलं दुसरं कोणी करू शकत नाही. हे साधन पुढचा संभाव्य शब्द जुळवत जातं, त्यामुळे चूकही तितक्याच ठामपणे लिहितं. नुसतं सांगून हे पटत नाही. १५ मिनिटांचा सराव ठेवा: फारशा माहीत नसलेल्या विषयावरची पाच पुस्तकं प्रकाशक आणि वर्षासह मागवायची, आणि एकेक नाव तुमच्या सूचीत, मग इतर ग्रंथालयांच्या सूचींत शोधायचं. लेखक खरा, प्रकाशक खरा, आणि पुस्तकच अस्तित्वात नाही असं बऱ्याचदा निघतं. ते त्यांच्याच हातांनी शोधू द्या.

पत्राचा मसुदा, आपणच दिलेला मजकूर सोपा करून घेणं, हे बिनधास्त करू द्या. नियम, तारखा, पत्ते पडताळूनच. औषधाचा डोस आणि पैशांचा व्यवहार इथे अजिबात नको. गोळ्यांच्या चकचकीत पाकिटाचा फोटो काढला की ०.५ मधला टिंब चकाकीत हरवतो आणि ५ वाचलं जातं. बँकेचा मदत क्रमांकही एआयला विचारायचा नाही, कार्डामागे छापलेलाच वापरायचा. कागदाचा फोटो पाठवताना खाते क्रमांकावर आधी कोरी चिठ्ठी ठेवायची.

धागाकर्ता:
फारच उपयोगी, तिघांचेही आभार! एक राहिलं: ज्यांचा फोन जुना आहे त्यांना संगणक द्यावाच लागेल. इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची इतिहास न ठेवणारी खासगी खिडकी, पुरेल का?

शाईची_दौत:
एकट्याने नाही पुरत. सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद होईपर्यंत आधीच्याचं लॉगिन तसंच राहतं, पुढचा माणूस त्याच्याच खात्यात बसतो. उतरवलेल्या फाइली तर खिडक्या बंद केल्यावरही डाउनलोड फोल्डरमध्ये उरतात. खात्यातून केलेलं संभाषण कंपनीकडे साठतं, ते वेगळंच. म्हणून क्रम ठरवा: लॉगआउट, सगळ्या खिडक्या बंद, फोल्डर रिकामं, मग रीसायकल बिन रिकामं. या चार पायऱ्या मोठ्या ठशात छापून प्रत्येक संगणकावर चिकटवा. पासवर्ड मात्र तुम्ही कोणी टाकू नका, मागितला तरीही.