ब्लॉकच्या दिवसाचे पैसे कोणाचे?

घणसोलीकर
काल 'हिशेबी ठाणेकर' यांनी लिहिलं होतं: "२१५ रुपयांच्या लोकल पासात महिनाभर ठाणे-सीएसएमटी करता, मग एखाद्या रविवारी दोन तास खोळंबलात तर एवढं काय? ज्याला रविवारी फिरायचंय त्याने रिक्षा करावी." रात्री वाचलं आणि झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहिते.

मी रविवारी फिरायला बाहेर पडत नाही हो. ठाण्यात एका रुग्णालयाच्या रक्त तपासणी विभागात काम करते. माझी सुट्टी बुधवारी. रविवारी दुपारपाळी, दोन वाजता हजेरी. म्हणजे घरातून निघायची वेळ नेमकी ब्लॉकमध्ये, रुळांच्या कामासाठी मार्ग बंद ठेवतात त्या वेळेत, सापडते, कारण तो सकाळी अकरा-सव्वाअकराला सुरू होतो आणि चार-सव्वाचारला संपतो.

आणि 'खोळंबा' हा तुमच्या मेन लाईनचा, म्हणजे सीएसएमटी-ठाणे-कल्याण मार्गाचा, शब्द आहे. तुमच्याकडे धीम्या रुळांवर काम निघालं की गाड्या जलद रुळांवर वळवतात. रखडत का होईना, गाडी येते. ठाणे-वाशीला रूळच दोन. ब्लॉक लागला की रबाळे, घणसोली, कोपरखैरणे सगळं ठप्प. कुर्ल्यावरून वाशी-पनवेलला जाणारा हार्बर मार्ग बंद असला की तिथल्या पासवाल्यांना आमच्या मार्गाने जायची मुभा देतात. आमचा बंद असला की आम्हाला कुर्ल्याचा वळसा दाखवतात, पण घणसोलीच्या माणसाने तो वळसा घालायला आधी वाशीपर्यंत जायचं कशाने?

मागच्या महिन्यात दोन रविवार असे गेले. रिक्षाला एका वेळचे दोनशेच्या आसपास. तुमच्या त्या २१५च्या पासाएवढे, एका दुपारीत.

मी दोन गोष्टी मागते. मार्ग पूर्ण बंद ठेवला तेवढे दिवस पासात वाढवून द्या. नाहीतर त्या वेळेत ठाणे-वाशी बस सोडा आणि तिच्यात पास चालू द्या.

हिशेबी ठाणेकर
ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. रिक्षाचं वाक्य मी तोडून बोललो, ते मागे घेतो. हिशेब मागे घेणार नाही.

ठाणे-सीएसएमटी एका फेरीचे १५ रुपये. महिन्याचे २६ दिवस, जाऊन-येऊन ५२ फेऱ्या, म्हणजे ७८०. पास २१५चा, कारण तो साधारण १५ फेऱ्यांच्या भाड्यावर बांधलेला आहे. आठवडा-सव्वा आठवड्यात वसूल होतो. पुढचे बावीस दिवस फुकट आणि त्यातलेच चार रविवार. जे विकतच घेतलं नाही ते परत कसं मागणार?

जून २०१४ आठवतो का कोणाला? पास १५ऐवजी ३० फेऱ्यांच्या हिशेबाने करणार होते. मुंबई-ठाण्यात बोंबाबोंब झाली आणि काही दिवसांतच माघार घेतली. १ जुलै २०२५ला लांबच्या गाड्यांची भाडी वाढली, तेव्हाही लोकल आणि पास यांना हात लावला नाही. तिकिटावरच छापतात की प्रवासखर्चाचे सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. अशा वेळी आपण दिवस मोजायला बसलो तर तेही मोजायला बसतील. तीस वर्षं ठाणे-दादर केलंय मी. स्वस्त पास हीच नोकरदाराची खरी मिळकत आहे, तिला नख लावू नका.

कळवा कारशेड
घणसोलीकर ताई, तुमचं बरोबर, पण 'मेन लाईनला गाडी येते' हे आम्हाला सांगू नका. ठाणे-कल्याण धीम्या मार्गावर ब्लॉक असला की कळवा, मुंब्रा, कोपर, ठाकुर्लीला गाडी थांबतच नाही. डोळ्यांदेखत पुढे जाते.

वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मुलुंडला झालं होतं. रविवारी घरी सोडलं. डोळ्याला पट्टी, हात माझ्या खांद्यावर. ठाण्याला उतरलो, पुढे कळव्याला गाडी नाही. शेअर रिक्षाची रांग पुलाखालून वळलेली, पाऊण तास उन्हात. वडील एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

आणि हिशेबी साहेब, ५२ फेऱ्या मोजता, त्यातल्या किती बसून होतात? कळव्याच्या माणसाला सकाळी फलाटावर गाडीत शिरता येत नाही, म्हणून लोक कारशेडपर्यंत, रिकाम्या गाड्या उभ्या असतात तिथे, चालत जाऊन चढतात. ९ जून २०२५ला दिवा-मुंब्र्यादरम्यान दारात लटकलेली माणसं पडून मेली. त्यांच्याही खिशात असाच स्वस्त पास असणार.

गँगमनचा मुलगा
थोडं रुळांवरच्या बाजूनेही बघा. माझे वडील २९ वर्षं ट्रॅकवर होते. शेवटची लोकल मध्यरात्र उलटल्यावर जाते, पहिली चारच्या सुमारास निघते. मध्ये वीज बंद करून घ्यायची, सामान न्यायचं, काम करायचं, रूळ तपासून परत द्यायचा. हातात खरे दोन तास पडतात, कधी तेवढेही नाही. स्लीपर बदलणं, खडी चाळणं, ओव्हरहेड वायर ही कामं दोन तासांत उरकत नाहीत.

एका पावसाळ्यात वडिलांचे जोडीदार चालू लाईनवर काम करताना गेले. त्या दिवशी ब्लॉक मिळाला नव्हता. त्यामुळे 'ब्लॉक कशाला' असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. फेब्रुवारी २०२२ला ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गासाठी ७२ तासांचा ब्लॉक होता, तेव्हाही शिव्या. मे २०२४च्या अखेरीस ठाण्याचा फलाट पाच रुंद करायला ६३ तास घेतले, तेव्हाही शिव्या. आज त्याच फलाटावर धक्का न खाता उभे राहता, त्याबद्दल कोणी चार ओळी लिहिल्या?

घणसोलीकर
दादा, ब्लॉक नको असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. माझं बोलणं पूर्ण वाचा. तुमच्या वडिलांनी जीव धोक्यात घालून काम केलं, त्यांना पुरेसा वेळ मिळायलाच हवा. पण त्या वेळेची किंमत फक्त रविवारी कामावर जाणाऱ्याने का मोजायची? रविवार निवडतात कारण साहेब लोक घरी असतात. नर्स, वॉचमन, मॉलमधल्या मुली, हॉटेलातली पोरं घरी नसतात.

आणि हिशेबी काका, 'विकतच घेतलं नाही' म्हणता, तर लॉकडाऊनमध्ये काय झालं? मार्च २०२०मध्ये लोकल बंद झाली तेव्हा न वापरलेले दिवस पासात वाढवून दिले होते. तेव्हा तुमचा १५ फेऱ्यांचा नियम आडवा आला नाही. म्हणजे पास हा दिवसांचाच करार आहे. ऑगस्ट २०२१ला लोकल पुन्हा उघडली तेव्हा सुरुवातीला फक्त पासच देत होते, सुटं तिकीट नाही. आठवड्यातून दोनदा जाणाऱ्यालाही महिन्याचा पास घ्यावा लागला. त्या वेळी कोणी फेऱ्या मोजल्या नाहीत.

सीवूड्स सेक्टर
सगळे मूळ मुद्दा सोडून बोलताय. आम्ही नवी मुंबईवाले स्वस्त प्रवास करतो हे म्हणणंच चूक. आमच्या तिकिटावर सिडकोचा, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीचा, अधिभार आहे. मानखुर्दच्या पुढची लाईन, ठाणे-तुर्भे, उरण, यांच्या खर्चात सिडकोचा वाटा ६७ टक्के आणि रेल्वेचा ३३. तो वाटा भरून काढायला अधिभार आमच्या माथी. वाशीला गाडी आली १९९२ला, ठाणे-वाशी सुरू झालं २००४ला. अजून किती वर्षं फेडायचं? आधी हा अधिभार काढा, मग सबसिडीचं ऐकवा.

हिशेबी ठाणेकर
एमयूटीपीचा, म्हणजे मुंबईच्या रेल्वे सुधारणा प्रकल्पाचा, अधिभार आम्हीही भरतो, तुम्ही एकटे नाही. आणि त्या पैशांत तुम्हाला रुंद फलाट, प्रशस्त स्टेशनं, पार्किंग मिळालं. ठाण्यात १८५३ला देशातली पहिली प्रवासी गाडी आली आणि आज आम्ही पुलावर खांद्याला खांदा लावून चालतो. एकदा संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनात या, मग अधिभाराची तक्रार करा.

सीवूड्स सेक्टर
प्रशस्त? पावसाळ्यात आमच्या स्टेशनात छत्री उघडून तिकीट काढतो. दुरुस्ती कोणी करायची यावर दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. स्टेशनाच्या वरची ऑफिसं भाड्याने जातात, आम्हाला बादल्या. तुमच्या गर्दीचं दुःख खरं आहे, पण ते आमच्या पैशांनी मोजू नका.

तळवलीचा आगरी
वरची ऑफिसं म्हणालात म्हणून बोलतो. ज्या जमिनीवर हे रूळ आहेत ती आमच्या आज्याची भातशेती होती. सिडको १९७०ला आली. जमिनीच्या भावासाठी १९८४ला जासईला लढा झाला, पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळण्याचा मार्ग खुला झाला. आमच्या घरातला तो भूखंड मिळवताना वडिलांच्या चपला झिजल्या. आणि आता मी ऐरोलीला कामाला जायला तिकीट काढतो, त्यात पुन्हा अधिभार. जमीन दिली, गाव आक्रसलं, वर लाईनचा खर्चही आम्हीच भरायचा? सीवूड्सवाल्यांनी फ्लॅट घेताना 'स्टेशनपासून पाच मिनिटं' याचे पैसे आनंदाने मोजले असतील. आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं.

सीवूड्स सेक्टर
माझ्या फ्लॅटवर येऊ नका. वीस वर्षांचं कर्ज आहे, कोणाची जमीन लुबाडून घेतलेला नाही.

तळवलीचा आगरी
लुबाडला म्हटलं नाही. लागलं असेल तर तो शब्द तुमचा आहे.

कळवा कारशेड
अहो, आपापसात काय भांडताय! ऐरोली-कळवा उन्नत मार्ग झाला असता तर कल्याणकडचा माणूस ठाण्यात न उतरता थेट नवी मुंबईत गेला असता. त्याच प्रकल्पातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ला उघडलं. जोडमार्ग मात्र झोपड्यांच्या पुनर्वसनात अडकून बसला. तो असता तर ठाण्याच्या पुलावरची निम्मी चेंगराचेंगरी कमी झाली असती, असं मला रोज तिथे अडकल्यावर वाटतं. त्यावर कोणी बोलत नाही, अधिभारावर मात्र रात्रभर.

सीवूड्स सेक्टर
कारण खिशातून जातो तो अधिभारच.

घणसोलीकर
तळवलीच्या दादांचं दुःख मोठं आहे, त्यापुढे माझं काहीच नाही. पण मी विचारलेलं बाजूला पडलं. रविवारी दुपारी घणसोलीहून ठाण्याला कसं जायचं? महापालिकेच्या बसने जा म्हणाल, तर तिचं तिकीट वेगळं, ती भरून येते आणि पावसात विटाव्याला पुलाखाली पाणी साचलं की तीही अडकते.

गँगमनचा मुलगा
तुमचं पहिलं लिखाण पुन्हा वाचलं. ब्लॉकला विरोध नव्हता, मी घाईत बोललो. दोन रुळांच्या मार्गावर पर्यायी बस द्यायला हवी, हे मान्य. वडिलांना फोन करून विचारलं. म्हणाले, आम्ही रूळ दुरुस्त करायचो, माणसं कशी जाणार हे बघणं वरच्यांचं काम होतं आणि ते कोणी बघत नसे.

हिशेबी ठाणेकर
बस द्यावी आणि तिच्यात पास चालावा, इथवर मीही येतो. तेवढंच. दिवस वाढवून मागण्याला माझा विरोध कायम. लॉकडाऊनमध्ये सगळंच बंद होतं, ती गोष्ट वेगळी. २०१४ची माघार दर वेळी मिळत नाही, हे माझ्या वयाचा माणूस विसरू शकत नाही.

घणसोलीकर
मी पावणेदोनला फलाटावर उभी राहिले आहे काका, माझ्या जागी सकाळपाळीची मुलगी थांबलेली असते. तिला घरी लहान बाळ आहे. मी पोहोचेपर्यंत ती निघू शकत नाही. मला तो दिवस परत हवाच आहे. पण बसवर तुम्ही आलात, तर तेवढं अर्जात लिहिते. सही कराल?

हिशेबी ठाणेकर
बसपुरता मजकूर ठेवा. करतो.

कळवा कारशेड
माझीही घ्या. कळवा-मुंब्र्याची ओळ घातलीत तर आमच्या चाळीतल्या चाळीस सह्या आणून देतो. आणि या रविवारी पुन्हा ठाणे-वाशी ब्लॉक आहे, फलाटावर सूचना लागली आहे.

घणसोलीकर
पाहिली. साडेदहाची गाडी पकडते. अकराच्या आत ठाण्यात पोहोचेन, मग दोन वाजेपर्यंत विभागातच बसते. त्या मुलीला निदान लवकर सोडता येईल.