एखादे मिग-२१ उडते ठेवता येईल का?

ओझरकर (प्रश्न)

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे वायुसेनेने मिग-२१ विमानांना निरोप दिला, तेव्हापासून आमच्या मित्रमंडळींत एक वाद रंगला आहे. यांतील बरीचशी विमाने नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बांधली गेली, त्यामुळे आमच्याकडे या विमानाविषयी आपुलकी जरा जास्तच आहे. वायुसेनेच्या वारसा ताफ्यात डकोटा, हार्वर्ड आणि टायगर मॉथ ही विमाने उडण्याजोग्या स्थितीत जपलेली आहेत आणि इंग्लंडमध्ये तर दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर दर उन्हाळ्यात आकाशात दिसतात. मग १९६३ पासून सेवेत असलेल्या मिग-२१ चे एक तरी विमान उडते का ठेवू नये? चौकात खांबावर बसवलेले विमान पाहून माझे तरी समाधान होत नाही. अडचण पैशांची आहे, इच्छेची आहे की तांत्रिक, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे. शिवाय जुलैमध्ये मुलीकडे केंब्रिजला जाणार आहे, तर तेथे अशी विमाने उडताना कोठे पाहता येतील, हेही कृपया कळवावे.

जुना फिटर

आपली भावना समजते. पण पंख्याचे विमान आणि जेट यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. स्पिटफायरचे मर्लिन इंजिन बारा सिलिंडरचे, सत्तावीस लिटरचे आहे. अशी इंजिने युद्धकाळात लाखाहून अधिक बनली आणि त्यांचे सुटे भाग आजही नव्याने घडवणारे कारखाने आहेत. स्पिटफायरच्या पंखाचा मुख्य कणा एकात एक बसवलेल्या चौकोनी नळ्यांचा असतो, तोदेखील मूळ आराखड्यांवरून पुन्हा तयार करता येतो. थोडक्यात, चांगला फिटर, पत्रा, रिवेट आणि भरपूर पैसा एवढ्यावर ते विमान पुन्हा उभे राहते.

जेटचे तसे नाही. टर्बाइनच्या पात्यांचे आयुष्य तासांत मोजलेले असते आणि वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनातील स्फोटक काडतुसे मुदत संपली की बदलावीच लागतात. मूळ उत्पादकाने जबाबदारी घेतली नाही, तर कागदोपत्री ते विमान उडण्यास अपात्र ठरते. इंग्लंडमधील व्हल्कन बॉम्बफेकी विमानाचे उदाहरण पाहावे. एक्सएच ५५८ क्रमांकाचे हे विमान लोकवर्गणी व अनुदानातून दुरुस्त होऊन २००७ मध्ये पुन्हा उडाले. २०१२ मध्ये त्याच्या हवा आत घेण्याच्या मार्गात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या राहून गेल्या, त्या इंजिनात खेचल्या गेल्या आणि चारपैकी दोन इंजिने बाद झाली. एका पिशवीची किंमत ती काय! तरीही ते विमान २०१५ पर्यंत उडत राहिले. ते थांबले तेव्हा लोकांचा उत्साह कायम होता, परंतु तांत्रिक हमी देणाऱ्या कंपन्यांनी पुढे हमी देण्याचे थांबवले होते. मिगच्या बाबतीत ही हमी कोण देणार, हा खरा प्रश्न आहे.

लोहगावचा वाचक

फिटरसाहेबांशी मी पूर्णपणे सहमत नाही. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला लिबरेटर जातीची अमेरिकी बॉम्बफेकी विमाने मोडतोड करून टाकून दिली होती. उत्पादकाची कोणतीही मदत नसताना बंगळुरूच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्याच्या माणसांनी त्यांतून उडणारी विमाने उभी केली आणि तेथील वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळुरूला उडवत नेली. वायुसेनेने ती १९६८ पर्यंत वापरली. आज जगात जी मोजकी लिबरेटर शिल्लक आहेत, त्यांतील अनेक भारतातून गेलेली आहेत. अमेरिकेत अनेक वर्षे गावोगाव उडवले जाणारे एक विमानही त्यांतलेच. ज्यांनी हे केले, त्यांना मिग अशक्य कसे?

जुना फिटर

लिबरेटरला पंख्याची चार इंजिने होती आणि सुटे भाग काढून घेण्यासाठी शेजारी भंगाराचा डोंगर होता, हे विसरू नये. शिवाय ती सेवेतील विमाने होती. तेव्हा पत्करलेला धोका आज प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी कोणी पत्करणार नाही, आणि पत्करूही नये.

आकाशवाचन

धोक्याचा विषय निघालाच आहे, म्हणून लिहितो. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडमधील शोरहॅम येथे हंटर जातीचे जुने लढाऊ जेट कसरत करताना महामार्गावर कोसळले आणि अकरा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथे जुन्या लष्करी जेट विमानांच्या भूभागावरील आकाशात होणाऱ्या कसरतींवर कडक निर्बंध आले. नाशिकसारख्या वाढत्या वस्तीवर १९५० च्या दशकातील आराखड्याचे, एकच इंजिन असलेले आणि अतिवेगाने उतरणारे विमान केवळ हौसेखातर उडवावे, हे मला पटत नाही. मधला मार्ग मात्र आहे. इंग्लंडमध्ये ईस्ट कर्कबी येथे ‘जस्ट जेन’ नावाचे दुसऱ्या महायुद्धातील लँकेस्टर बॉम्बफेकी विमान उडवत नाहीत. चारही इंजिने सुरू करून ते धावपट्टीवर फिरवतात आणि लोक पैसे भरून त्यात बसतात. ओझरला मिग असे धावपट्टीवर पळवले, पाठीमागची ज्वाळा क्षणभर पेटवून दाखवली, तरी आवाजाने छाती हादरेल आणि जमिनीपासून वर जाण्याचा प्रश्नच उरणार नाही.

केंब्रिजवासी मराठी

ओझरकर काका, जुलैतील भेटीबद्दल लिहितो. डक्सफर्डचा जुना हवाई तळ, जेथे आता विमानांचे संग्रहालय आहे, केंब्रिजच्या दक्षिणेस अगदी जवळ आहे. उन्हाळ्यात हवा चांगली असेल, तर हवाई प्रदर्शन नसलेल्या दिवशीही दोन आसनी स्पिटफायर प्रवाशांना घेऊन उडताना दिसतात. स्पिटफायरचे नाक इतके उंच असते की जमिनीवर वैमानिकाला समोरचे दिसत नाही, म्हणून तो विमान नागमोडी चालवतो. आणि जमिनीवर फार वेळ रेंगाळला तर इंजिन तापते, म्हणून घाईने निघतो. हे कुंपणाशी उभे राहून जरूर पाहावे. तेथील एका संग्राहक संस्थेकडे एमव्ही २९३ क्रमांकाचे स्पिटफायर आहे, जे पूर्वी आपल्या वायुसेनेत होते.

परंतु माझी स्वतःची पसंती ओल्ड वॉर्डन येथील शटलवर्थ संग्रहाला आहे. तेथे गवताच्या धावपट्टीवरून पहिल्या महायुद्धातील विमाने उडतात. त्यांतील काहींचे इंजिन पंख्यासह संपूर्ण गरागरा फिरते आणि त्यात वंगण म्हणून एरंडेल वापरतात. विमान जवळून गेले की तो वास येतो आणि लहानपणी नाक दाबून घेतलेला चमचा आठवतो. ही विमाने वाऱ्यात उडवत नाहीत, म्हणून शक्यतो संध्याकाळच्या कार्यक्रमाचे तिकीट काढावे, कारण वारा बहुधा त्याच वेळी पडतो.

लँकेस्टर उडताना पाहायचे असल्यास लिंकनशायरमधील कॉनिंग्सबी येथील ब्रिटिश वायुदलाच्या स्मृती ताफ्याचे वेळापत्रक पाहावे. उडण्याजोगी दोनच लँकेस्टर जगात उरली आहेत, एक येथे व दुसरे कॅनडात. हँगर मात्र मार्गदर्शकासोबतच पाहता येते, त्यामुळे आगाऊ नोंदणी करावी.