शब्दचर्चा: नासी, बाप, गोहान आणि आपला भात

हल्ली एकाच मेन्यूकार्डावर चिनी, जपानी, थाई, कोरियन, इंडोनेशियन असे सगळे पदार्थ शेजारी शेजारी असतात. 'नासी गोरेंग', 'बिबिमबाप', 'तोम यम' ही नुसती नावं आहेत की त्यांना काही अर्थ आहे? 'नासी गोरेंग राइस' असं लिहिलेलं पाहिलं, ते बरोबर आहे का?

— अर्थ आहे, आणि तो मराठी माणसाला फार लवकर कळेल असा आहे. इंग्रजीत शेतातलं पीक, पोत्यातला दाणा आणि ताटातलं अन्न या तिन्हींना 'राइस' हा एकच शब्द. आपल्याकडे साळ, तांदूळ, भात. इंडोनेशियन भाषेत पादी, बरास, नासी. जपानीत इने, कोमे, गोहान. कोरियनमध्ये ब्यो, साल, बाप. जिथे भात रोजचा, तिथे भाषेला हा फरक करावाच लागतो. त्यामुळे 'नासी' म्हणजे शिजलेला भातच. पुढे पुन्हा 'राइस' जोडणं म्हणजे 'भात राइस' म्हणणं. माझं स्पष्ट मत आहे की तो शब्द काढून टाकावा.

'गोरेंग' मात्र जरा सैल आहे. आपण तळणे आणि परतणे वेगळं मानतो, गोरेंगमध्ये दोन्ही येतात. पिसांग गोरेंग म्हणजे तळलेली केळी, नासी गोरेंग म्हणजे परतलेला भात.

— मग बिबिमबाप?

— बिबिम म्हणजे कालवणे. 'मिक्स राइस' या भाषांतरात जे हरवतं ते 'कालवलेला भात' म्हटलं की लगेच सापडतं. वाडग्यात तळाला भात, वर रंगांनुसार मांडलेल्या भाज्या, अनेकदा अंडं आणि गोचुजांग हे लाल मिरचीचं आंबवलेलं वाटण. मांडणी सुंदर असते म्हणून ती मोडायला लोक कचरतात, आणि एकेक भाजी टोकरून खातात. तसं करू नये, नावातच कृती सांगितली आहे. तापलेल्या दगडी वाडग्यात आला तर थोडा वेळ न हलवता राहू द्यावा, तळाला भाताची खमंग खरपुडी धरते.

थाई 'यम'मध्येही कालवण्याचाच अर्थ आहे, आंबट-तिखट कालवण. 'तोम' म्हणजे उकळणे. म्हणून तोम यम हे रस्सेदार सूप. आणि चिनी उपाहारगृहातल्या 'यम छा'मधला यम याचा नातेवाईक नाही. तो कँटोनीजमधला 'पिणे'. छा म्हणजे चहा. दिमसम मुळात या चहाबरोबर खायचे लहान लहान पदार्थ, म्हणून दिमसम हे एका पदार्थाचं नाव नव्हे.

— सुशी म्हणजे कच्चा मासा ना? आम्ही शाकाहारी, ते पान उलटूनच टाकतो.

— उलटू नका! सुशीची ओळख व्हिनेगर घातलेल्या आंबटसर भाताने होते. भाताशिवाय कच्च्या माशाचे काप आले तर ती साशिमी. काकडीची 'काप्पा माकी' ही सुशी शाकाहारीच. खरी काळजी निराळ्या ठिकाणी घ्यायला हवी. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) सूपचा आधार असलेल्या 'दाशी'त बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, किमचीत, म्हणजे कोरियन आंबवलेल्या भाजीत, अनेकदा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस. थाई 'नाम प्ला' हाही माशाचाच सॉस, नाम म्हणजे पाणी आणि प्ला म्हणजे मासा. नुसतं 'व्हेज आहे का' असं विचारू नये, 'फिश सॉस किंवा दाशी घालता का' असं विचारावं.

— लिंगाचं काय करायचं? तो, ती की ते?

— कान सांगेल तसं. 'सुशी' आणि 'किमची' ईकारान्त, म्हणून ती. बिबिमबाप आणि नासी गोरेंग मी 'तो'च म्हणते, कारण मनात भात असतो. रामेनला, म्हणजे सूपातल्या जपानी नूडल्सना, काही जण 'ती' म्हणतात, 'नूडल'मुळे. मला सूपमुळे 'ते रामेन' बरं वाटतं. यावर भांडायला मात्र मी येणार नाही.