प्रतिसाद: दादरमधला स्वस्त लॉज
दादरला स्वस्तात कुठे उतरावं, असं वर विचारलंय म्हणून लिहिते. आईच्या तपासण्यांसाठी परळच्या टाटा रुग्णालयात जायचं होतं, तेव्हा स्टेशनजवळच्या एका लॉजवर उतरलो होतो. फोटोत खिडकी दिसत होती. प्रत्यक्षात पडदा सरकवला तर मागे नुसती भिंत! उशीच्या अभ्र्याला कुणाच्या तरी खोबरेल तेलाचा वास. पण रात्रपाळीच्या मुलाने पहाटे ५ वाजता, न सांगता, आईसाठी गरम पाण्याची बादली वर आणून दिली. ते मी कधीच विसरणार नाही.

पैसे देण्याआधी खोली बघाच, नळ सोडून बघा. चेक-आउट २४ तासांचं आहे का, हेही विचारा. आणि सोबत कॅन्सरचा रुग्ण असेल तर आधी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. तिथे टाटाच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची माफक दरात सोय होते.