मदत हवी आहे : थेट आणि अप्रत्यक्ष परिणाम वेगळे कसे काढावेत?

नागपुरातील अंगणवाड्यांमधून गोळा केलेल्या माहितीवरून, आईच्या शिक्षणाचा मुलाच्या वयानुसार उंचीवर होणारा थेट परिणाम आणि आहारातील विविधतेच्या मार्गाने होणारा अप्रत्यक्ष परिणाम मला वेगळे काढायचे आहेत. असे परिणाम वेगळे काढण्याच्या बॅरन आणि केनी यांच्या 1986 च्या पद्धतीत शिक्षण व आहार यांची आंतरक्रिया (एकाचा परिणाम दुसऱ्याच्या पातळीनुसार बदलणे) बसत नाही, म्हणून ‘आर’ या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधील ‘मीडिएशन’ पॅकेज वापरले. तो प्रश्न तेथे सुटला. गाडी अडली ती घरच्या उत्पन्नावर. ते आईच्या शिक्षणाने बदलते आणि आहार व उंची या दोहोंवर परिणाम करते. उत्पन्न प्रतिमानात (संख्याशास्त्रीय समीकरणात) घेतले तर शिक्षणाच्या परिणामाचा एक भाग कापला जातो, वगळले तर आहार-उंचीचा संबंध गढूळ राहतो. माहिती एकाच वेळची आहे (आहार म्हणजे आईने सांगितलेले आदल्या दिवसाचे जेवण) आणि पुन्हा सर्वेक्षण शक्य नाही. अशा वेळी नैसर्गिक परिणामांचा (आईचे शिक्षण वेगळे असते तर त्याच मुलाचा आहार जसा असता, तसा धरून काढलेल्या परिणामांचा) आग्रह सोडून हस्तक्षेपाधारित परिणाम (तशा शिक्षणाच्या गटात दिसणाऱ्या आहारांतून यादृच्छिकपणे आहार ठरवला, असे मानून काढलेले) मोजावेत का, आणि त्यांतील थेट व अप्रत्यक्ष भागांची बेरीज एकूण परिणामाइतकी न आल्यास ती तफावत प्रबंधात कशी मांडावी?