मदत हवी: पेरूच्या गाठींतला सूत्रकृमी नेमका कोणता? १८एस जनुक वाचून उलगडेना

नमस्कार मंडळी. मी वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. करतोय, पण प्रश्न घरचा आहे. अंबाजोगाईजवळ मामाची दोन एकर पेरूची बाग. झाडं तीन वर्षांची, पानं तांबूस पडून गळायलीत, फांद्या शेंड्याकडून वाळायल्यात. मामाला वाटलं पाणी कमी पडायलंय. एक झाड उपटून पाहिलं, तर मुळं कसली, बसमतच्या बाजारातली हळकुंडंच!

म्हणजे मेलॉइडोगायनी, मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी, यात शंका नाही. जात ओळखताना अडलोय. मादीच्या मागच्या भागावरच्या रेषा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, मला इन्कॉग्निटा ही जात वाटली, सरांनाही. मग एन्टेरोलोबी या दुसऱ्या जातीच्या रेषा पुष्कळदा तशाच दिसतात असं वाचलं आणि झोप उडाली. आठ-दहा गाठींतल्या माद्या एकत्र चिरडून डीएनए काढला, १८एसचा तुकडा सिक्वेन्सिंगला पाठवला. ब्लास्टमध्ये (माहीत असलेल्या सिक्वेन्सशी जुळवणी) इन्कॉग्निटा, जावानिका, अरेनेरिया तिघे एकाच रांगेत, एन्टेरोलोबी जरासा खाली. सिक्वेन्सिंगच्या आलेखात जागोजागी एकावर एक दोन शिखरं.

घाई यासाठी की मामा मेलेली झाडं काढून तिथं टोमॅटो लावणार आहे. दुकानदारानं सूत्रकृमीला दाद न देणारा वाण सांगितलाय. असल्या वाणांतलं एमआय जनुक पहिल्या तिघांना रोखतं, एन्टेरोलोबीला नाही. आता कोणता जीन घेऊ? अख्खा जिनोम वाचून घेण्याइतके पैसे नाहीत.

प्रतिसाद १
रागावू नका, पण माद्या एकत्र चिरडायच्या नसतात. एकाच मुळावर दोन जाती नांदू शकतात, मग आलेखाची खिचडी होणारच. एका मादीचा एकच अंडीपुंज घ्या. या चारही जाती नराशिवाय वाढतात, त्यामुळे पुंजातली सगळी पिल्लं त्या एकाच मादीची नक्कल.

१८एस या कामाला फार संथ बदलणारं. आयटीएस या केंद्रकातल्याच दुसऱ्या पट्ट्याच्याही मागं लागू नका. या जाती संकरातून आल्यात, केंद्रकात एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या प्रती असतात, एकट्या मादीतही दोन शिखरं दिसू शकतात. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएकडे वळा. तिथल्या सीओ-दोन आणि १६एस या जनुकांमधल्या पट्ट्यासाठी सी२एफ३ आणि ११०८ ही प्रायमरची (हवा तो तुकडा वाढवायला लागणारे छोटे डीएनए धागे) जोडी आहे. सिक्वेन्सिंगच्या आधी जेलवरच बरंच कळतं: बॅन्ड, म्हणजे जेलवरची तुकड्याची रेघ, ७०० बेसजोड्यांच्या आसपास आला तर एन्टेरोलोबीचा संशय, ११०० म्हणजे अरेनेरिया, १७००च्या जवळ म्हणजे इन्कॉग्निटा किंवा जावानिका. या शेवटच्या दोघांसाठी एकेका जातीपुरते बेतलेले स्कार प्रायमर वापरा, इन्कॉग्निटाचा बॅन्ड १२००ला येतो, जावानिकाचा ६७०ला. ७००वाला आला तर तो तुकडा मात्र वाचून घ्याच, नुसत्या लांबीवर नाव देऊ नका. शेजारी ओळखीच्या जातीचा डीएनए तुलनेसाठी, कंट्रोल म्हणून हवाच.

आणि त्या बागेतलं खोरं-कुदळ धुतल्याशिवाय दुसऱ्या रानात नेऊ नका.

धागाकर्ता
आभार. माझाच आळस नडला, वेगवेगळे पुंज काढायचा कंटाळा केला होता. फ्रीजमध्ये मुळं शिल्लक आहेत, आज सात पुंज वेगळे केले. ११०० आणि १७००चे बॅन्ड आमच्या जुन्या जेलवर स्पष्ट दिसतील, की अ‍ॅगरोज बदलू? टोमॅटो थांबव म्हणून मामाला फोन केला तर तो म्हणतो, "रोपं बुक केलीत. तुझा तो बॅन्ड कधी वाजणार?"